पंपावर

मी पंपावर असते म्हटलं की
आमच्या गल्लीतल्या खोब्रागडेकाकू विचारतात,
पेट्रोल आज किती झालं गं?
मी हसते. सांगत बसत नाही
की माझ्या पंपातून रक्त फिरतं,
आणि लहान लेकराचं सगळं रक्त
एका तांब्यात मावतं.

धंतोली, सकाळचे साडेसात.
बाहेर आत्ताच पस्तीस, दुपारी शेहेचाळीस होणार.
चौकातल्या पोलिसाने डोळे सोडून
सगळं दुपट्ट्यात गुंडाळलंय.
आणि मला इथे एका मुलीला
अठ्ठावीस अंशांपर्यंत थंड करायचंय.

सलोनी कुमरे. वय पाच. वजन साडेबारा किलो.
कोरचीकडून आणताना बापाने
रिपोर्टांची पिशवी छातीशी धरली होती, पोरीला खांद्यावर.
"खेळता खेळता मधातच उकिडवी बसून जाते बाप्पा.
आम्हाले वाटे, लाडात आली."
लाड नव्हता तो.
गुडघे पोटाशी आवळले की श्वास परत येतो,
हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.
अंगणवाडीत पोरं ओठ बघून म्हणायची,
जांभळं खाल्ली का?
ती हो म्हणायची. सोपं जायचं.

"चला," वैरागडे सर म्हणतात.
मी सावकाश फिरवायला घेते.
नळीतून तिचं रक्त येतं, काळपट,
डब्यातून लाल होऊन परत जातं.
मग क्लॅम्प. मग थंडगार औषध.
हृदय दोनदा अडखळतं आणि थांबतं.
पडद्यावर सपाट रेघ.

एकाहत्तर मिनिटं
ती जिवंत होती आणि तिचं हृदय बंद होतं,
आणि मधे मी, आणि एक मोटर
जिची घरघर मला झोपेतही ऐकू येते.
या वेळात मी देवाचं नाव घेत नाही.
आकडे म्हणते. प्रवाह. दाब. तापमान. लघवी.

सर छिद्र बुजवतात.
ठिगळ बाहेरून आणलेलं नाही.
हृदयाभोवती जो पातळ पदर असतो,
त्यातलंच कापलंय, रुपयाएवढं.
दोरा माझ्या केसाहून बारीक.
कुणी बोलत नाही. घोरमारे सिस्टर
उजव्या पायाने डावी पोटरी खाजवते.

मागच्या पोळ्याला एक बाळ
पंपावरून उतरलंच नाही.
अकरा दिवसांचं. नाव ठेवायचं राहिलेलं,
पाटीवर आईचंच नाव.
दुसऱ्या दिवशी इतवारीत
मारबतीच्या गर्दीत माझी स्कूटी अडकली.
लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत!
मीही ओरडले, हेल्मेटच्या आत.
कुणाला ऐकू गेलं नाही, बरं झालं.

आता गरम करायचं. तीस. तेहेतीस. छत्तीस.
क्लॅम्प कधीच निघालाय.
आधी नुसतं थरथरलं,
तव्यावर पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखं.
मग एक ठोका.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग दुसरा.
"उतरव," सर म्हणाले.
मी प्रवाह कमी, कमी करत गेले,
मोटर गप्प झाली
तरी रेघ हलत राहिली.

संध्याकाळी बापाने काचेतून पाहिलं.
खूप वेळ पाहिलं.
मग मी हिरव्या कपड्यातली कुणीतरी, म्हणून
मलाच हळूच विचारलं,
"तिच्या नखाईले नेलपॉलिश कोणं लावलं जी?"

जूनअखेर तपासणीला आली.
आ कर म्हटलं, तर जीभ जांभळी.
घोरमारे धावत गेली, बोटाला चिमटा लावला.
अठ्ठ्याण्णव.
फ्रॉकच्या खिशात दहा-बारा जांभळं,
निम्मी चेंगरलेली,
त्यातलं बऱ्यापैकी एक
तिने माझ्यापुढे धरलं. मी खाल्लं. तुरट होतं.
बी अजून ड्रॉवरमध्ये आहे,
पंपाच्या जादा फ्यूजशेजारी.